गेम लोड होऊन राहिला

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलर बंद ठेवणारा माणूस वेडा तरी असतो, नाहीतर त्याच्याकडे कॉम्प्युटर तरी असतो. माझ्याकडे कॉम्प्युटर होता.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझ्या मेहुण्यानं मस्कतहून एक काळा डबा आणून दिला होता. त्याची एक वायर टीव्हीला जोडायची, दुसरी टेपरेकॉर्डरला, आणि टेपमध्ये खेळाची कॅसेट घालायची. मग टेप किंचाळायचा (शेपटीवर पाय पडलेलं मांजर बरं!), टीव्हीवर रंगीत पट्टे पळायचे आणि सगळं सुरळीत झालं, तर माणसाची एक झोप होईस्तोवर खेळ पडद्यावर यायचा. मध्ये व्होल्टेज पडलं की सगळं पुसलं! कॅसेट मागे फिरवा, पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्या घरचं व्होल्टेज पडायला एक कूलर पुरे होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण ऑफिसात कॉम्प्युटर येणार आणि तो शिकायला एका माणसाला मुंबईला पाठवणार, अशी बातमी आली. मी भर ऑफिसात म्हणालो, "साहेब, कॉम्प्युटर तर माझ्या घरीच आहे!"

"असं?" साहेब म्हणाले. "मग रविवारी येतोच पाहायला."

मेहुण्यानं नुकतीच त्याच खेळाची सुधारलेली कॅसेट पाठवली होती. जुन्या खेळात विमान नुसतं डावीकडे जायचं, नव्यात म्हणे उजवीकडेही जात होतं. साहेबांना उजवीकडे जाणारं विमानच दाखवायचं, असं मी ठरवलं. (मला डावीकडचंही धड चालवता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

रविवारी भर दुपारी साहेब आले. त्याच दिवशी माझे सासरेही काटोलहून आले होते. गुडघा दाखवायला धंतोलीत डॉक्टरकडे जायचं होतं, तोवर मुक्काम आमच्याकडे. ऊन लागू नये म्हणून त्यांच्या बंडीच्या खिशात कांदा होता. घरात पाऊल टाकताच ते थबकले.

"जावईबापू, कूलर काहून बंद हाय?"

"मामाजी, गेम लोड होऊन राहिला."

"कोनाचा लोड?"

"बाबा, तुम्ही बसा," माझी बायको मंदा म्हणाली. "त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी पडदे ओढले, पंखाही बंद केला आणि टेप चालू केला. टेप किंचाळला. साहेबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. पट्टे अर्ध्यावर आले आणि स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला. पडदा पांढरा!

"हे काय, विमान ढगात गेलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, अजून विमानतळावरच आहे," म्हणत मी धावत जाऊन फ्रिजची पिन उपटली.

दुसऱ्यांदा सुरुवात केली. साहेबांचं दुसरं बटणही सुटलं. ते वर्तमानपत्रानं वारा घेत होते आणि मी वर्तमानपत्राकडेही संशयानं पाहत होतो. तेवढ्यात घर्रर्र! कूलरच्या खसच्या ताट्यांतून गार वारा सुटला, साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू उमटलं आणि पडदा पुन्हा पांढरा झाला. कूलरच्या बटणापाशी मामाजी उभे होते.

"मामाजी!"

"पाहुन्याले भाजून काढता का गा?"

मी कूलर बंद केला. साहेबांचं हसूही बंद झालं. मंदानं आणलेलं पन्हं कोमट होतं. (फ्रिजची पिन मीच उपटून ठेवली होती ना!)

तिसऱ्यांदा मात्र सगळं जमत आलं. पट्टे सरळ पळत होते. पडद्यावर खेळाचं नाव उमटलं, विमानाचं शेपूट दिसायला लागलं. मी टीव्हीला नाक लावून बसलो होतो. मागून मंदा ओरडली, "अहो, साहेबांचा घोळणा फुटला!"

वळून पाहिलं. साहेबांच्या नाकातून रक्त, शर्टावर थेंब. मामाजींनी गुडघा विसरून उडी मारली, साहेबांना सतरंजीवर आडवं केलं, स्वतःचा दुपट्टा माठात बुडवून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि खिशातला कांदा फोडून नाकाशी धरला.

"कूलर लाव वं मंदा, लवकर!"

आणि त्या क्षणी, साहेबांचा पगारी नोकर, सुशिक्षित, दोन मुलांचा बाप असलेला मी काय ओरडलो?

"थांब! पंख यायचे आहेत!"

फक्त टेप किंचाळत होता. सतरंजीवरून साहेबांनी एक डोळा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. मंदानंही पाहिलं. मग तिनं कूलर लावला. विमान शेपटासकट गेलं.

थोड्या वेळानं साहेब उठून बसले. मामाजींशी त्यांनी संत्र्याच्या बागांबद्दल छान गप्पा मारल्या. जाताना मामाजींच्या पाया पडले. मला म्हणाले, "बरंय."

मुंबईला गेले आमच्या ऑफिसातले मेश्राम. त्यांनी कॉम्प्युटर फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिला होता. शिकून परत आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना नव्या खोलीत उभं करून पहिला नियम सांगितला, "आधी एसी लावायचा, मग कॉम्प्युटर. या मशीनले गरमी बिलकुल चालत नाही."

साहेबांनी मान डोलावली आणि लगेच हुकूम काढला. एसीचं बटण ऑफिसातल्या कोणीही दाबावं.

मला सोडून.