हेदरबेडी

घाबरल्यावर तुम्ही काय करता? दार लावून घेता, गप्प बसता, की शेजाऱ्याकडे बोट दाखवता? शालनअक्का चहाचं आधण ठेवायच्या. मग वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं एक रिकामं भांडं मांडीवर घ्यायच्या, त्यावरून शाल ओढायच्या आणि पाण्याला उकळी येईपर्यंत थरथरत बसायच्या. त्या भांड्याला कांगडी म्हणतात. श्रीनगरच्या हिवाळ्यात माणसं त्यात निखारे घालून ती अंगरख्याच्या आत धरतात. आमच्या बंगळुरूच्या जे. पी. नगरात निखारे लागावेत एवढी थंडी पडत नाही. अक्कांनाही ती थंडीसाठी लागत नव्हती.

अक्का मूळच्या विट्याकडच्या. नवरा गलाई कामगार, म्हणजे सराफांचं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून देणारा. तिकडची ही माणसं भट्टी घेऊन देशभर पांगलेली. अक्का लग्न होऊन थेट श्रीनगरला गेल्या आणि तीस वर्षं राहिल्या. तेजाबाच्या वाफेनं नवऱ्याची छाती खालावली, डॉक्टरांनी थंड गाव सोडायला सांगितलं, म्हणून दोघं पुतण्याच्या दुकानाच्या आधारानं बंगळुरूला आली आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावर भाड्यानं राहू लागली. कन्नडमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. सगळे त्यांना अक्का म्हणू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "चला, एक शब्द तरी नवा शिकाया नगं."

आमची ओळख एका हवालदारामुळे झाली. भाडेकरूंचे कागद बघायला तो आला होता. मी जिन्यावरून उतरत होते. अक्कांचं दार आतून बंद होतं आणि तो बाहेर उभा राहून अगदी मऊ आवाजात म्हणत होता, "हेदरबेडी अक्का, हेदरबेडी."

आतून रडवेला आवाज आला, "बेडी कशापायी? आमी काय केलंय?"

मला हसू आलं. ते आजही मला टोचतं. बंद दाराशी तोंड नेऊन मी सांगितलं की कन्नडमध्ये 'हेदरबेडी' म्हणजे 'घाबरू नका'. बऱ्याच वेळानं कडी निघाली. अक्कांनी दोन्ही मनगटं पदराखाली लपवली होती. कागद बघून झाले. हवालदार निघाला, तर त्याला थांबवून त्यांनी चहा दिला. कप बशीत खडखड वाजत होता. तो गेल्यावर मी विचारलं, इतकं घाबरलात आणि वर चहा कसला? त्या म्हणाल्या, "भ्या भ्याच्या जागी, च्या च्याच्या जागी."

त्यांची भीती कशानंही जागी व्हायची. फोनची रेंज गेली की त्या बादल्या भरायच्या, जास्तीची कणीक मळायच्या आणि नवरा दुकानातून घरी येईपर्यंत फाटकाकडे बघत राहायच्या. जिथे फोन बंद म्हणजे रस्ते बंद, अशा गावात त्यांची तीस वर्षं गेली होती. मी आपली समजावत बसायचे की इथे काही होत नाही. एकदा त्या म्हणाल्या, "तुला भ्या वाटत न्हाई, कारण तुझ्यावर अजून तशी येळ आली न्हाई." माझे वडील कारखान्याच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची, मी अक्षरं त्यांच्याच कोऱ्या बाजूवर गिरवली. अन्यायाविरुद्ध कसं लिहायचं हे मला ठाऊक होतं. भीतीबद्दल त्या पत्रकांत काही नसायचं.

'भ्या भ्याच्या जागी' हा नियम अक्का श्रीनगरात शिकल्या होत्या. पहिल्या हिवाळ्यात त्या खोलीत एकट्या कुडकुडत बसलेल्या, कुणाची भाषा येईना. घरमालकीण निखाऱ्यांची कांगडी घेऊन आली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि न बोलता शेजारी बसून राहिली. पुढे शहर बंद पडलं, घरातलं पीठ संपलं, तेव्हा तीच बाई अंगरख्यात रोट्या लपवून गल्ली ओलांडून आली. "तिचं हात माझ्यापरीस जास्त कापत हुतं," अक्का सांगायच्या. "पर आली."

गेल्या वर्षी आमच्या गच्चीवरच्या खोलीत मेहविश राहायला आली. श्रीनगरची, इथल्या एका इस्पितळात नर्स. ती जिन्यात आईशी फोनवर बोलत होती आणि अक्का हातातली भाजी तशीच धरून ऐकत उभ्या राहिल्या. बोलणं संपल्यावर त्यांनी तिला तिच्याच भाषेत काहीतरी विचारलं. मुलगी पायरीवर बसून रडायलाच लागली. तेव्हापासून ड्यूटीवर जाण्याआधी ती तळमजल्यावर चहा घेऊन जायची.

मग तिकडे श्रीनगरच्या बाजूला हल्ला झाला, माणसं मारली गेली. टीव्ही दिवसभर ओरडत होता. इमारतीच्या ग्रुपवर सुरक्षेचे मेसेज सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीकाकांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा बोलावली. विषय एकच, गच्चीवरची भाडेकरू. काका आपलेच, मराठी, सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. लहानपणी त्यांनी मला गणितं शिकवली आहेत. ते दुष्ट नाहीत. तेही घाबरले होते, आणि घाबरून त्यांनी बोट दाखवलं.

मी मेहविशच्या बाजूनं चार पानी पत्रक लिहिलं, जिन्याखालच्या फळ्यावर लावलं. दुपारपर्यंत ते कुणीतरी काढून टाकलं. उरलेली प्रत मी अक्कांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "ग्वाड लिवलंयस. कुनी वाचलं?" मग मी विचारलं, तुम्ही सभेला याल ना? त्यांनी मान हलवली, नाही. त्यांच्या आधार कार्डावर अजून श्रीनगरचाच पत्ता होता. भाडेकराराचे अकरा महिने भरत आले होते. नवऱ्याला चार पायऱ्या चढल्या की धाप लागत होती. "आमचंबी नाव निघालं तर ह्यांना घेऊन मी कुटं जाऊ?" त्या आत गेल्या आणि कांगडी घेऊन बसल्या.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मेहविश पहिल्या रांगेत, इस्पितळाच्या कपड्यांतच. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मागे माणसं दाटीवाटीनं उभी होती, पण त्या दोन खुर्च्यांवर कुणी बसेना. मीही नाही. पत्रक हातात घेऊन मी खांबाला टेकून उभी होते. काका माझ्याकडे बघताच मी कागदाची घडी घातली.

काका बोलू लागले. कुणाबद्दल राग नाही, पण काळजी घ्यायला हवी, तिनं महिन्याच्या आत दुसरीकडे सोय बघावी. एवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं. अक्का आल्या, शालीखाली कांगडी. भिंतीचा आधार घेत त्या सावकाश पहिल्या रांगेपर्यंत गेल्या आणि मेहविशच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. बसताना खुर्चीचे पाय फरशीवर कुरकुरले.

काका म्हणाले, "अक्का, हा विषय तुमचा नाही. तुम्ही घरी जा."

"माझ्याबी आधारवर तिथलाच पत्ता हाय," अक्का म्हणाल्या. आवाज बारीक होता, तरी मागे उभ्या असलेल्यांपर्यंत पोचला. "तिला काढायचं आसंल तर आदी माझं नाव लिवा."

मग त्या मेहविशकडे वळल्या. तिच्याशी त्या तिच्या भाषेत बोलू शकल्या असत्या. पण ते तिथे बाकी कुणालाच कळलं नसतं. म्हणून त्यांनी इथल्या भाषेतला, बहुधा त्यांना पुरता येणारा एकमेव शब्द वापरला, "हेदरबेडी."

मागून पहिल्या मजल्यावरच्या कन्नड आजी म्हणाल्या, "सरी, सरी." बरोबर आहे. आणि त्या येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. सभा ठराव न करताच उठली.

मेहविश अजून गच्चीवर राहते. अक्कांचा करार मात्र घरमालकानं वाढवला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, घराला रंग द्यायचाय. रंग आजतागायत दिलेला नाही. ज्या भीतीपायी त्या सभेला येणार नव्हत्या, ती अशी खरी झाली. आधारवरचा पत्ता बघून इथे दुसरं घर कुणी देईना. नवऱ्याच्या चुलतभावाची भट्टी कोइम्बतूरला आहे, तिकडे दोघं गेली. म्हणजे पुन्हा नवं गाव, पुन्हा नवी भाषा, पुन्हा दारावर कागद बघायला येणारा कुणीतरी.

टेम्पो भरून झाला तेव्हा कांगडी त्यांच्या मांडीवर होती. मी विचारलं, "अक्का, भीती वाटतेय?"

"स्वल्प," म्हणाल्या. थोडीशी. बोटं वेताच्या विणीत रुतलेली होती.

कधीतरी तुमच्याही इमारतीत अशी सभा बोलावली जाईल. कारण सुरक्षेचं असेल, भाषा सभ्य असेल, बोलावणारा तुमच्या ओळखीचा असेल. तिथे कुणा एकाच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसेल. तुमचे पाय कापतील, माझे कापले होते. भाषण करू नका, पत्रक लिहू नका. जा आणि त्या खुर्चीवर बसा.