वीस सोडले, तेवीस निघाले

जानेवारीचा दुसरा शुक्रवार, सकाळी साडेनऊ. रक्कम मुलामागे बारा दिनार. मोठ्यांना फुकट, म्हणजे मोठ्यांनी नुसतं कुडकुडायचं. हजर: चौदा मुलं, त्यांचे आईबाप, मी, माझी बायको, आमची अकरा वर्षांची मुलगी, आणि हा उद्योग ज्याच्या डोक्यातून निघाला तो माझा मेहुणा. ठिकाण: इथे आखातात, सलमाबादमधलं एक कोल्ड स्टोरेज. एरवी तिथे उणे अठरावर कोंबड्या असतात. त्या दिवसापुरतं मशीन उणे चारवर आणलं होतं. वास कोंबड्यांचाच होता.

मेहुणा इंजिनिअर, राहतो अमवाजच्या महागड्या बेटांवर. गेल्या हिवाळ्यात कंपनीनं त्याला तीन आठवडे कॅनडाला पाठवलं. तिथे लोक गोठलेल्या तळ्यांवर जातात, बर्फाला भोक पाडतात आणि स्टुलावर बसून भोकात दोरी सोडतात. परतल्यापासून हा दुसरं काही बोलेनाच.

"भावोजी, रेनबो ट्राउट! अंगावर असा गुलाबी पट्टा!"

"त्या तळ्यात येतात कुठून?"

"सरकार सोडतं ना. छोट्या छोट्या तळ्यांत, टँकरनं."

"म्हणजे आधी आणून टाकायचे, वर बर्फ धरू द्यायचा, आणि मग भोक पाडून तेच परत काढायचे."

"तुम्हाला कशातच मजा नाही."

नाही खरी. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं खाडीत गरी टाकली. मासा लागला तर कालवण, नाही लागला तर पिठलं. त्याला मजा म्हणतात हे मला पुण्याच्या सासुरवाडीनं शिकवलं, जिथे मासा काटे काढून ताटात येतो.

तरीही मी गेलो, त्याचं कारण मुलगी. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. आजोबांशी तिचं फोनवरचं बोलणं मी घड्याळ लावून पाहिलंय: दीड मिनिट, त्यातलं निम्मं 'हॅलो'. पण गुरुवारी तिनं स्वतःहून फोन मागितला आणि म्हणाली, "आजोबा, उद्या मी फिश पकडणार. मी स्वतः."

"पकड गो बाय," वडील म्हणाले. "नि मला दाखव."

हे ऐकून मी मेहुण्याला बारा दिनार कबूल केले. पैसे नंतर द्या, म्हणाला.

आत फायबरची एक टाकी होती, साधारण आठ मीटर बाय चार. वर चार बोटं बर्फ, त्यात चौदा भोकं. बर्फावर वजन नको म्हणून आडव्या फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टिकची स्टुलं. मागच्या भिंतीला थर्माकोलचा डोंगर आणि डोंगरावर दोन पेंग्विन. कॅनडात पेंग्विन नसतात हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, मुलांना आवडतात. विमानानं आलेल्या मालाचा कागद मी मागून पाहिला: जिवंत ट्राउट, वीस नग.

पहिल्या दोन तासांत दोन मासे लागले. बाकीचे तळाशी गप्प पडून होते. प्रवासानं आणि गारठ्यानं अर्धमेले झालेले ते जीव आमिषाकडे बघायलाही तयार नव्हते. मुलं रडकुंडीला आली. एक आई म्हणाली, "बारा दिनार घेतलेत, अजून नुसतं यल्ला यल्ला, चला चला, एवढंच चाललंय." मेहुणा "इंशाल्ला, इंशाल्ला" करत बाहेर गेला आणि चाळीस मिनिटांनी दोन जड पिशव्या घेऊन डोंगरामागे शिरला.

त्यानंतर मासे लागायलाच लागले. या भोकाला, त्या भोकाला. टाळ्या, फोटो. मी हिशेबनीसाच्या सवयीनं वहीत रेघा मारत होतो. तेवीस झाल्यावर थांबलो आणि भोकात मोबाइलचा उजेड टाकला. तळाशी मासे होतेच.

"वीस सोडलेस, तेवीस निघाले, आणि आत अजून आहेत," मी मेहुण्याला म्हटलं.

"भावोजी, प्लीज. आज हिशेब मफी. नकोच हिशेब."

मी डोंगरामागे गेलो. तिथे टाकीच्या कडेचा बर्फ फोडला होता आणि कोल्ड स्टोरेजचं जाकीट घातलेला एक माणूस कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसला होता. वाकड्या तारेनं मुलांची दोरी ओढायची, सुपरमार्केटचा ट्राउट अडकवायचा, सोडून द्यायचं. राजापूरकडचा निघाला. बोटं पांढरी पडली होती.

"साहेब, बोलू नका," तो हळूच म्हणाला. "पोरं रडतील."

तेवढ्यात पलीकडून माझ्या मुलीची किंकाळी आली. "बाबा! आय गॉट इट! बाबा!"

मी परत आलो. वहीत तिच्या नावापुढे एक लिहिला, पेन्सिलीनं. एरवी मी आकडे पेन्सिलीनं लिहीत नाही.

संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ कॉल. तिनं मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्यापुढे धरला. वडिलांनी फोन नाकाशी नेला.

"पोट दाखव बाय."

पोट उभं चिरलेलं, आतून स्वच्छ धुतलेलं. मेहुण्यानं जन्मात मासा साफ केलेला नाही; दुकानातला मासा आधीच साफ केलेला असतो हे त्याला कसं सुचावं?

"पोट साफ करून पोहायला निघालेला मासा मी पयल्यांदाच बघतोय," वडील म्हणाले. "गरी कुठे लागलेली?"

"लिपमध्ये."

"भोक बघ. आतून बाहेर गेलंय की बाहेरून आत?"

तिनं बराच वेळ पाहिलं. "बाहेरून."

"खातो त्याला आतून लागते. ह्याला कोणीतरी हातानं टोचलाय. बर्फाच्या पाण्यात. त्याचे हात बघितलेस काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, यू न्यू?"

मी हो म्हटलं, वही आणली, एक खोडला आणि पेनानं शून्य लिहिलं. ती रडली. मग डोळे पुसून, फोन न ठेवता, मराठीत म्हणाली, "आजोबा, खरा कसा लागतो?" तो कॉल एक्केचाळीस मिनिटं चालला.

रात्रीच्या जेवणाआधी मेहुण्याचा मेसेज आला: बारा दिनार बाकी. मी कळवलं की मासे शून्य, त्यामुळे तुझे पैसेही शून्य. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तेवढी शांतता फुकट मिळाली.

शनिवारी सकाळी मुलीला घेऊन सलमाबादला गेलो. डोंगरामागच्या त्या माणसाला आदल्या दिवसाचं जादा काही मिळालं नव्हतं. तिनं आधी त्याचे हात पाहिले. मग तेच बारा दिनार त्याच्या हातात दिले.