कॅम्परची बॅटरी आणि मी सोडून सगळे

"तिले कायले विचारतं? तिचा बाप ट्रकच्या बॅटरीत पानी टाकते, पानी!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात माझ्या दिराशी बोलत होते आणि मी आत तांदूळ निवडत होते. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. माझ्या बाबांचं सडक अर्जुनीला हायवेवर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथंच. पुढे आयटीआयसुद्धा इलेक्ट्रिशियनचंच केलं. बायोडेटात सगळं लिहिलं होतं. पण मुलीच्या बायोडेटात उंचीच्या पुढे वाचतं कोण!

राग गिळला की त्याचा किस्सा होतो, असं माझं निरीक्षण आहे. माझ्याकडे सध्या बरेच साचलेत.

माझ्या सासरी, मुर्री गावात, एक कॅम्पर आहे. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आत पलंग, पंखे, छोटा फ्रिज. नागझिऱ्याला जाणारे पाहुणे ती भाड्यानं नेतात आणि तिच्यातच झोपतात. पंखे-फ्रिजची बॅटरी वेगळी, ती पहाटेपर्यंत टिकेना. म्हणून नवी लिथियम बॅटरी आली, पूर्ण बंद, पाणी न लागणारी.

*

मी लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून या बॅटरीला थेट वायर द्यायची नाही. ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटरच जळायचा. मध्ये वेगळा चार्जर हवा. बॅटरीजवळ फ्यूज हवा.

कागद दिराच्या हातात दिला.

"व्वा वहिनी, मस्त ड्रॉइंग आहे! रांगोळीचा क्लास लावला होता का?"

संध्याकाळी त्याच कागदावर भजी आली. तेलानं सगळं पुसलं होतं. फ्यूज तेवढा दिसत होता.

*

मग सल्लागार आला. लग्नात डीजे वाजवणारा, दिराचा मित्र.

"टेन्शन मत लो काका, डायरेक्ट मार दो! मेरे डीजे में सब डायरेक्ट है."

हाच डीजे ह्यांच्या वरातीत दोनदा बंद पडला होता. मी हार हातात घेऊन मांडवात उभी होते, मोजलं होतं! पण नवी सून, हातात चहाचा ट्रे, तोंड बंद.

वायर डायरेक्ट लागली.

*

छतावर सोलर पॅनल बसवलं. तीन दिवस झाले तरी चार्जिंग शून्य. आमचे हे कंपनीच्या माणसावर फोनवर ओरडून राहिले, "चोर आहात तुम्ही!"

मी शिडी लावून वर चढले. पॅनलभर सासूबाईंच्या कोहळ्याच्या वड्या. ओळीत, एकही जागा न सोडता!

मी ताटात काढायला लागले तर खालून हाक, "काऊन वं, वाळू तं दे! काच किती छान तापते!"

तरी सगळ्या वड्या मी खाली आणून बाजेवर पसरल्या. दुपारी चार्जिंग सुरू झालं. मामाजींनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

"कंपनीले झापलं, पाह्य कशी सरळ झाली!"

*

गाडी आमगाव रोडवर फिरवून आणली. बॉनेटमधून जळक्या रबराचा वास. मी मागे बसल्या बसल्या बॅटरीच्या वायरला बोट लावलं, चटका बसला. फोड आला.

घरी आल्यावर ह्यांनी खोलीचं दार लावलं. "खरं सांग, काय करू?"

मी सगळं सांगितलं. मधला चार्जर. फ्यूज. आणि हेही सांगितलं, की या बॅटरीला चुकूनही भोक पडलं तर अशी आग लागते की गाडी हाती लागायची नाही.

दुसऱ्या दिवशी हे अंगणात छाती काढून उभे. "मी लय अभ्यास केला, बाबा. मधात चार्जर लागते. फ्यूज लागते."

"शाब्बास! पोरगा कोनाचा आहे शेवटी!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हाताखालची पोळी फाटली.

*

चार्जर लागला. शनिवारी नागपूरचं जोडपं आलं, बाईच्या खांद्यावर झोपलेलं बाळ. साहेबांनी फ्रिज, पंखे, चहाची केटली सगळं एकदम लावलं आणि बॅटरीची स्क्रीन काळी झाली. जास्त लोड आला की ती स्वतःला वाचवायला बंद होते. एक बटण दाबायचं असतं, बस्.

मामाजी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊन गाडीत चढले.

"सुकली असन. झाकन कुठी आहे बे हिचं?"

"झाकनच नाही दिलं, बाबा," दीर म्हणाला.

"नाही दिलं तं आपन पाडू भोक. ड्रिल आन!"

"मार दो काका!" डीजेवाला.

ड्रिल आलं, घरातून ओढलेल्या बोर्डासकट. घरघर सुरू झाली. बाई बाळाला घेऊन गाडीच्या पायरीवर चढत होत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं! मग हे एक पाऊल मागे सरकले.

मी चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला. बाईंना हात धरून खाली घेतलं, गाडीत चढले आणि ड्रिलचा प्लग उपटला.

"मामाजी, बॅटरीत पानी टाकाचं काम माह्या बाबाचं आहे. तुम्ही खाली उतरा."