कोरडं आहे, असं मी सांगितलं

बंगळुरात समुद्र नाही, म्हणून बोटी लॉरीत बसून यशवंतपूरला आमच्या शेडमध्ये यायच्या. एकदा एका गस्ती बोटीच्या डेकचं पॅनेल आलं. त्यातून इतकं पाणी गळत होतं की वॉचमनने आठवडाभर आंघोळ त्यावरच भागवली. वर-खाली फायबरचं पातळ कातडं आणि मधे फोम, असं ते पॅनेल. कुणीतरी एक स्क्रू वाकडा मारला आणि त्या भोकातून अख्खा अरबी समुद्र आत जाऊन बसला.

त्याच महिन्यात आमच्या दोघांतल्या एकाला फोरमन करायचं होतं. मी पुण्याहून आलेला. दुसरा बनशंकरीचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, मराठी बोलायचा ती निम्मी कन्नड. हात असा की आपण लावलेलं ठिगळ कुठून सुरू होतं ते त्यालाही सापडायचं नाही. फोरमन तोच होणार, हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं.

काम त्याच्याकडेच होतं. वरचं कातडं सोलून त्याने चार दिवस फोम वाळवला. ओल मोजायचं यंत्र मात्र माझ्या हातात.

"अण्णा, स्वल्प बघ की, ओल गेली काय?"

काटा लाल पट्ट्यात होता, म्हणजे आत अजून ओल.

"ठणठणीत कोरडं! राजस्थान आहे राजस्थान. चढव थर."

"सरी, बरं," म्हणत त्याने फायबरचे नवे थर चढवले.

दुसऱ्या दिवशी मालक बोटवाल्यांना घेऊन आले. थर पक्के व्हावेत म्हणून पॅनेलवर तापणारी गादी घातली होती. आतल्या पाण्याची वाफ झाली, नवं कातडं पुरीसारखं टम्म फुगलं आणि फाटलं. आवाज पार शहराबाहेर आनेकलपर्यंत गेला असणार.

"ओल कुणी बघितली?" मालक ओरडले.

"यानंच बघून सांगितलं की, कोरडं म्हणून," तो म्हणाला.

"मी? अरे, मी म्हटलं अजून दोन दिवस थांब. पण ऐकतोय कोण! उस्ताद ना तुम्ही."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मालकांनी त्याच्या हातात छिन्नी दिली आणि त्याचंच काम बोटवाल्यांसमोर त्याला सोलायला लावलं. तो गुडघे टेकून बसला. फोरमनचा कागद मला नंतर मिळाला, पण कामाला मी तिथंच सुरुवात केली.

"कडेनं घे अण्णा, फोम फाटेल."

मान वर न करता त्याने छिन्नी कडेला लावली.