पातळ तेल

अरुणाताईंनी हसनभाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका टॅक्सीच्या उघड्या बॉनेटपुढे उभे राहून अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून सावकाश दूर नेत होते. दोन बोटांमध्ये काळ्या तेलाची बारीक तार लांबत गेली आणि तुटली. बोटं फडक्याला पुसून ते टॅक्सीवाल्याला म्हणाले, "अजून हजार किलोमीटर चालव. आत्ता बदललंस तर चांगलं तेल फुकट जाईल."

आलेलं काम परत पाठवणारा माणूस अरुणाताईंनी फारसा पाहिला नव्हता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती आणि नेरूळच्या रिकाम्या रस्त्यांवर भल्या सकाळी ती शिकत होत्या. त्या दिवसापासून त्यांची गाडी हसनभाईंच्या गाळ्यात जाऊ लागली. हळूहळू अरुणाताईंच्या शब्दावर सोसायटीतल्या आणखी सहा गाड्याही जाऊ लागल्या.

हसनभाई मूळचे तळोज्याचे. सोळाव्या वर्षी ते तुर्भ्याला ट्रकच्या गॅरेजात लागले. तिथे उस्तादाने पहिली गोष्ट शिकवली ती तेल ओळखायची: बोटाला चिकटलं तर ते इंजिनालाही चिकटेल. पुढे स्वतःचा गाळा घेतल्यावर एकदा कुणीतरी सीलबंद डब्यातून भेसळीचं तेल विकलं आणि तीन टॅक्सींची इंजिनं जाम झाली. तेव्हापासून डब्यावरच्या चित्रावर त्यांचा विश्वास राहिला नाही. सुगरणीच्या हाताला चव असते म्हणतात, तशी त्यांच्या बोटांना पारख होती. टॅक्सीवाले लांबून केवळ त्या बोटांसाठी येत.

गेल्या वर्षी अरुणाताईंनी जुनी गाडी देऊन नवी घेतली. सोसायटीतल्या त्या सहाजणांनीही एकेक करत तशाच नव्या गाड्या घेतल्या होत्या आणि त्याही हसनभाईंकडेच जात. कंपनीच्या मोफत सर्व्हिसिंगा संपल्यावर अरुणाताई तुर्भ्याच्या नदीमच्या दुकानातून तेलाचा डबा घेऊन सरळ हसनभाईंकडे आल्या. हसनभाईंनी झाकण उघडलं, थेंबभर तेल बोटावर घेतलं, बोटं लांब केली. तार धरलीच नाही.

"कुठून आणलंत ताई?"

"तुर्भ्याहून. नदीमकडून."

"मग बोलायलाच नको. पानी हाय हे. दोन वर्सांमागं त्याच्याकडं आसंच पातळ तेल बघितलं, तवापासून मी त्याची पायरी चढलो नाय. सगळ्या टॅक्सीवाल्यांना सांगून ठेवलंय, नदीमकडं भेसळ हाय म्हनून."

"डब्यावर कंपनीचं नाव आहे की."

"नाव दुधाच्या पिशवीवरपन असतं."

यावर अरुणाताईंना हसू आलं. हसनभाईंनी तो डबा बाजूला ठेवला आणि आपल्या भरवशाचं दाट तेल गाडीत ओतलं. अरुणाताईंचा डब्यापेक्षा बोटांवर अधिक विश्वास होता. तो असायला कारणही होतं: चार वर्षांत त्या माणसाने त्यांना एकही नको असलेला खर्च सांगितला नव्हता.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की सकाळी गाडी सुरू केली की पहिले काही क्षण आतून कटकट असा आवाज येतो आणि मग थांबतो. पेट्रोलही थोडं जास्त लागत होतं. समोरच्या फ्लॅटमधली संघप्रिया कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिची गाडीही हसनभाईंकडेच जाई. तिला विचारलं तर ती म्हणाली, "माझी पण करते. मला वाटलं मलाच ऐकू येतंय."

दोघींनी आपापल्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. दोन्हींत तेलाच्या पानावर एकच आकडा ठळक छापला होता: झिरो डब्ल्यू ट्वेंटी. नदीमच्या डब्यावरही तोच होता. हसनभाईंनी घातलेलं तेल होतं ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टी.

संघप्रियाने समजावलं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा सांगतो, इंजिन गार असताना तेल किती चटकन धावतं. नंतरचा सांगतो, इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं. नव्या इंजिनात भागांमधल्या फटी अगदी बारीक असतात. पातळ तेल त्यांच्यासाठीच बनवलेलं असतं.

"म्हणजे भेसळ नव्हती," अरुणाताई म्हणाल्या.

"अजिबात नाही. मी आता सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. सात गाड्यांत चुकीचं तेल आहे, काकू."

अरुणाताईंनी तिचा फोन हातानेच खाली केला. ग्रुपवर एक ओळ पडली असती तर संध्याकाळपर्यंत हसनभाईंचं पस्तीस वर्षांचं नाव पुसलं गेलं असतं. पण गप्प बसणंही शक्य नव्हतं. त्या सहाजणांना अरुणाताईंनीच तिथे पाठवलं होतं.

"रविवारी सोसायटीची मीटिंग आहे ना? तोवर थांब. त्यांचं त्यांनी सांगितलं तर बरं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगेन."

गाळ्यात हसनभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पुस्तकं कंपनीवाले लिवतात ताई. तेल तापलं की अजून पातळ होतं, हे तर तुमालापन ठाव हाय. आधीच पानी, तापल्यावर ऱ्हायलं काय?"

प्रश्न खरा होता. अरुणाताईंना संघप्रियाचे शब्द आठवेनात. त्यांची नजर हसनभाईंच्या बोटांवर गेली. मग म्हणाल्या, "तुम्ही तेल बघता ना, तसा मी पाक बघते. बोटात तार धरून."

"कसला पाक?"

"साखरेचा. कढत असताना एकतारी दिसला तर गार झाल्यावर तोच दोनतारी होतो. तुम्ही गार डब्यातलं तेल बघता. इंजिनात ते कढत असतं."

"तेच तर म्हनतोय मी."

"ऐका तरी. बुंदीच्या लाडवाला तारेचा पाक लागतो. चिक्कीला गोळी होईपर्यंत कढवायचा. आणि गुलाबजामच्या पाकाला तार येऊच द्यायची नाही, नुसता चिकट झाला की उतरवायचा. तो पातळ असतो, म्हणून त्याला कुणी बिघडलेला म्हणत नाही. घट्ट केला तर गुलाबजामच्या आत शिरायचाच नाही."

हसनभाईंनी अंगठा तर्जनीवर घासला.

"माझी जुनी गाडी लाडवाची होती. ही गुलाबजामची आहे."

"सलिमाला इचारतो," एवढंच ते म्हणाले. सलिमा त्यांची बायको. अरुणाताई परतल्या त्या जड मनाने. समजावणं जमलं की नाही, हे त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवशी गुरुवार होता.

शनिवारी सकाळी हसनभाई सोसायटीच्या पार्किंगमध्ये आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. अरुणाताईंना बघून म्हणाले, "सलिमा म्हनते ताई बरोबर हायेत. वर म्हनते, वीस वर्सं माझे गुलाबजाम खातोस, कधी पाकाकडं बघितलं नायस."

मग ते एकेका दारी गेले; अरुणाताई मागोमाग होत्या. प्रत्येक ठिकाणी तेच बोलले, न लांबवता, न कारणं देता: तुमच्या गाडीत मी दाट तेल घातलं, पातळ घालायला हवं होतं, चूक माझी, बदलून देतो. संघप्रियाने त्यांना आत बोलावून पाणी दिलं. बहुतेकांना प्रश्नच नीट कळला नाही. ते बरं म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरचा निशांत मात्र दारातच उभा राहिला.

"म्हणजे माझं इंजिन गेलं का?"

"नाय. इंजिन चांगलं हाय. पन आसंच चालवलं तर झिजंल."

"तुम्हाला तेल कळत नसेल तर कोणाला कळणार? आता मी दुसरीकडेच बदलून घेतो."

"घ्या. फकस्त पुस्तकातला नंबर बघून घ्या."

निशांतने दार लावलं. हसनभाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर क्षणभर थांबले, कठड्याला हात लावला आणि उतरू लागले. अरुणाताईही त्यांच्या मागे उतरल्या.

"तुर्भ्याला सोडाल का ताई?" खाली आल्यावर त्यांनी विचारलं. "तेल आनायचं हाय."

नदीमच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. काउंटरला टेकून चार-पाच टॅक्सीवाले उभे होते. त्यातल्या दोघांनी हसनभाईंना सलाम केला. नदीमने मान वर केली नाही. हसनभाईंनी गर्दी पांगायची वाट बघितली नाही.

"नदीम, तुझं तेल चोख होतं. मी भेसळ म्हनालो, सगळ्यांना सांगत फिरलो. ते माझं चुकलं."

नदीमने हातातला फिल्टर खाली ठेवला.

"दोन वर्षं लागली, चाचा?"

"लागली."

"निदान एकदा मला विचारायचं होतंत."

"हां. इचारायला पायजे होतं."

नदीमच्या मनातला सगळा राग गेला नव्हता, हे अरुणाताईंना दिसत होतं. मग तो मागच्या मांडणीकडे वळला.

"झिरो-ट्वेंटी ना? किती डबे?"

"सहा."

सात गाड्या होत्या. पण एक त्यांनी मोजली नव्हती.

त्या आठवड्यात त्यांनी सहा गाड्यांचं तेल बदललं. मजुरी घेतली नाही आणि कुणी देऊ केली तर तेवढ्यापुरते बहिरे झाले. रविवारच्या मीटिंगमध्ये तेलाचा विषय निघालाच नाही. पाण्याच्या टाकीवरच दोन तास गेले.

हसनभाई आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत. नेरूळच्या त्या सोसायटीतल्या सहा गाड्या त्यांच्याकडे येतात. निशांतची येत नाही.