मोठी ती मादी

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे टाचणी म्हणतात. अंगानं बारीक, बोलणं टोचणारं, आणि नावाबद्दल तिची स्वतःची काही तक्रार नाही. वस्तुसंग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर शिकारी पक्ष्यांचं दालन आहे. तिथले पेंढा भरलेले पक्षी तिनं एकतीस वर्षं सांभाळले. मऊ ब्रशानं पिसं झाडायची, कुठं कसर लागली का बघायचं, काचेच्या डोळ्यांवरची धूळ कापसानं टिपायची. लग्न केलं नाही. "एवढ्या चोची सांभाळते, आणखी एक कशाला?" असं म्हणून तिनं तीन स्थळं परतवली. तिसरं मीच आणलं होतं. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे.

मी पदवीधर असले तरी घार आणि गरुड यांत मला फरक कळत नव्हता. टाचणीनं दालनात माझा वर्गच घेतला.

"वहिनी, शेपूट बघ. मधे खाच आहे ना? मग ती घार. आता हा ससाणा. पंख लांब, टोकदार. उंचावरून सूर मारतो. चोचीच्या कडेला दातासारखा कंगोरा आहे बघ, त्यानं भक्ष्याची मान मोडतो. शिक्र्याचं तसं नाही. पंख आखूड, शेपूट लांब, म्हणून झाडांमधून वळणं घेत जाता येतं. आणि मारतो तो पंजांनी."

"आणि हे ध्यान?" मी गिधाडाकडे बोट केलं.

"ध्यान काय! डोकं बोडकं असलं की मढ्यात घालून बाहेर काढलं तरी फारसं माखत नाही. पंजे मात्र लेचेपेचे. मेलेलं जनावर पळून जाणार आहे थोडंच!"

घुबडाच्या पिसांच्या कडांना झालर असते, म्हणून उडताना आवाज होत नाही, हेही तेव्हाच कळलं. पण मला सगळ्यांत आवडली ती एक गोष्ट. या मंडळींत बहुतेक ठिकाणी मादी मोठी आणि नर लहान. ससाण्यात, शिक्र्यात तर हा फरक डोळ्यांत भरतो. गिधाडांत दोघं जवळपास सारखी. असं का, म्हणून विचारलं तर टाचणी म्हणाली, "ठाम कुणालाच माहीत नाही. विद्वान भांडतायत. भांडू देत."

नवे साहेब आले ते दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यातून. आल्या आल्या त्यांनी दालनाला रंग काढला, पितळी पाट्या कोरून घेतल्या. पक्ष्यांच्या पायांना जुन्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. त्या मळकट दिसतात म्हणून कापून केरात टाकल्या. टाचणी तेव्हा चार दिवस तापानं घरी होती. परत जाऊन बघते तो दालनातल्या नर-मादीच्या पाचही जोड्यांत मोठ्या पक्ष्यापुढे 'नर' आणि लहान पक्ष्यापुढे 'मादी'.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, पाट्या उलट्या लागल्यात. मोठी ती मादी."

"बाई, मोठा तो नर. शेंबड्या पोरालाही कळतं."

"शेंबड्या पोराला कोंबडा माहीत असतो, साहेब. हा कोंबडा नाही."

साहेबांनी पुरावा मागितला. इथं खरी अडचण होती. पेंढा भरताना आतलं सगळं काढून टाकतात, आणि डोळ्यांच्या रंगावरून ओळखावं तर डोळेही काचेचे बसवतात, त्यामुळे आता पक्षी उसवूनही काही कळत नाही. पेंढा भरणारे मास्तर पक्षी उघडला की आधी आत बघत आणि नर की मादी ते तिथल्या तिथं चिठ्ठीवर आणि नोंदवहीत लिहीत. चिठ्ठ्या केरात गेल्या. मास्तर तर केव्हाच वारले. उरली एकटी नोंदवही.

ती बघून साहेब म्हणाले, "मग यात दुरुस्ती करा. नजरचुकीनं उलट लिहिलं गेलं, असं टाका आणि खाली सही करा. आठ दिवसांवर उद्घाटन आलंय, पितळ काय पुन्हा कोरू?"

"मास्तरांनी आत बघून लिहिलंय. तुम्ही अजून बाहेरून काचसुद्धा पुसलेली नाही."

सही नाही, तर दालन नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निवृत्तीपर्यंतची अडीच वर्षं तिकीटखिडकीत बसायचं.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात यावर भांडण झालं. आमचे हे म्हणाले, "अगं, एक सही तर करायची. पक्ष्यांना काय फरक पडतो?"

"दादा, उद्या तुझ्या दाखल्यावर 'स्त्री' लिहिलं तर तुला पडेल?"

"मी जिवंत आहे!"

"म्हणून तू ओरडू शकतोस. ते नाही ओरडू शकत."

खोटं कशाला बोलू, मीही तिला सही कर असंच म्हणाले. दालन हातचं गेलं तर ही बाई उभी कशी राहील, हीच मला काळजी. तेव्हा तिनं चहाचा कप बाजूला सरकवला आणि मास्तरांची एक नोंद पाठ म्हणून दाखवली. "शिक्रा, मादी. अंडाशय पाहिला. अंडं धरलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला मी नर करू, वहिनी?"

मी तिचा कप उचलला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुढं केलेल्या कागदावर तिनं लिहिलं, 'नोंदी बरोबर आहेत. पाट्या चूक आहेत.' आणि खाली ठसठशीत सही केली. त्या दालनातलं काही कळणारं दुसरं माणूसच संग्रहालयात नव्हतं, त्यामुळे दुरुस्ती तशीच अडकली. उद्घाटन उलट्या पाट्यांवरच झालं आणि टाचणी खिडकीत बसली.

बसली म्हणजे तोंड मिटून नव्हे. प्रत्येक तिकिटाबरोबर ती सांगायची, "दुसऱ्या मजल्यावर पाट्या उलट्या आहेत. मोठी ती मादी. चला, पुढचे." लोक खास ते बघायला वर जायला लागले. अभिप्रायाची वही भरली. तिकीट देताना अनावश्यक बोलू नये, असं पत्र साहेबांनी धाडलं. तिनं लेखी उत्तर दिलं की हे आवश्यक आहे.

सात महिन्यांनी मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला गेले होते, तेव्हा साहेब स्वतः खिडकीशी आले. आवाज एकदम खाली.

"बाई, शिक्र्याच्या मानेला कसर लागलीय. पिसं गळतायत. तुम्ही वर या. नोंदवहीचं राहू दे. फक्त हे बोलणं बंद करा."

टाचणीचा हात तिकिटांवर थांबला. चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता ही उठते. एकतीस वर्षं त्या मानेवरून तिचा ब्रश फिरला होता.

"मोठीच्या की लहान्याच्या?" तिनं विचारलं.

"मोठ्या... त्या मोठ्या नराच्या."

"पाट्या बदला साहेब, मी त्याच दिवशी ब्रश घेऊन वर येते."

"आणि तोवर पिसं गेली तर?"

"तर चिठ्ठ्यांबरोबर तीही तुमच्या नावावर." तिनं चष्मा चढवला, साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंकडे हात केला आणि म्हणाली, "किती तिकिटं? दोन? दुसऱ्या मजल्यावर पाट्या उलट्या आहेत बरं का."