पहिल्या पंगतीला बसलेली बाई

निर्मलावहिनी गेल्याची बातमी मला त्यांच्या मुलीने, गार्गीने, फोनवर दिली. दुपारची वेळ होती, मी जेवायला बसलो होतो. "काका, आई गेली. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी ताट तसंच झाकून ठेवलं. त्या दिवशी मला दुःख झालं. राग आला तो पुढे पंधरवड्याने, कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये झालेल्या शोकसभेत. तो अजून उतरलेला नाही. हे मी रागातच लिहितो आहे, आणि त्यातला बराचसा राग कुणावर आहे ते पुढे कळेलच.

शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. चांगला माणूस आहे, वहिनींबद्दल त्यांना खरोखरच आदर होता. ते म्हणाले, "निर्मलाताई समाजसेविका होत्या. स्त्री-पुरुष समानता त्या आयुष्यभर जगल्या. पण त्या स्त्रीवादी वगैरे नव्हत्या. कुणालाही न दुखावता, गोडीगुलाबीने त्यांनी बदल घडवला." लोकांनी माना डोलावल्या. एखादीला वारंवार दम्याचा त्रास व्हायचा, पण शेवटी शेवटी बरी झाली होती, असं सांगावं तशा दिलाशाच्या सुरात ते 'स्त्रीवादी नव्हत्या' म्हणाले. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी आमच्या मंडळात प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगितली जाते. गणेशोत्सवातल्या महाप्रसादाची पहिली पंगत आमच्याकडे बायकांची असते आणि पुरुष वाढतात. निमंत्रणपत्रिकेवरही आम्ही ते अभिमानाने छापतो. ही प्रथा कशी पडली? तर एका वर्षी निर्मलाताई हसत हसत पानावर बसल्या, आणि आपले कुलकर्णीकाका चटकन उठले, वरणाची बादली उचलली आणि वाढायला लागले! सगळा हॉल माझ्याकडे वळला. शोकसभेत टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, तो लोकांना माझा विनय वाटला.

त्या गोष्टीतलं एकही वाक्य खरं नाही. वहिनी हसत नव्हत्या आणि मी वाढलं नाही.

आधी तेव्हाची आमची पंगत कशी असायची ते सांगतो. आम्ही सगळे बदलीवर आलेले लोक. बँकेतले, केंद्र सरकारातले, सार्वजनिक उद्योगांतले. गावाकडच्या लग्नात धोतर खोचून जिलब्या वाढणाऱ्या बापांची आम्ही मुलं, पण इथे साहेब झालो होतो. पुरुष आणि मुलं पहिल्या पंगतीला बसायची, आणि बसायची ती हुद्द्याप्रमाणे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येकाला आपली जागा बरोबर ठाऊक असे. सगळ्यात मोठा साहेब वरच्या टोकाला पंख्याखाली, आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा कारकून स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे धूर आणि ये-जा. बायका पहाटेपासून राबून स्वयंपाक करायच्या. आंबेमोहोर मिळायचा नाही म्हणून इथल्या गोबिंदोभोग तांदळाचा मसालेभात, चक्का मिळायचा नाही म्हणून इथल्याच गोड मिष्टी दह्याला वेलची लावून श्रीखंडाची हौस भागवायची. आणि वाढायच्याही त्याच, त्यातही धाकट्या हुद्द्याच्या बायकोने मोठ्या हुद्द्याच्या पानावर दोनदा आग्रह करायचा. हातात बांगड्यांबरोबर नवऱ्याची ग्रेड घालूनच त्या यायच्या म्हणा ना. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो. निर्मलावहिनींचे यजमान केतकर माझ्याच हाताखाली बँकेत होते. पण वहिनींनी मला कधी साहेब म्हटलं नाही. "साहेब यांचे, माझे तुम्ही भाऊजी," असं पहिल्याच भेटीत त्यांनी ठरवून टाकलं होतं. राहायच्या बागबाजारला, जिथून मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला पूर्वी खणलेला जुना खंदक सुरू व्हायचा. त्यावरून त्या म्हणत, "इथल्या लोकांनी अडवून अडवून अडवलं, तरी मी खंदकाच्या आतच घर केलं."

त्या वर्षी पानं मांडून झाली, मीठ-लिंबू वाढून झालं, आणि पुरुष बसायला लागायच्या आत वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि दाराशेजारच्या शेवटच्या पानावर बसल्या. नुसत्या एकट्या नाही, "या गं, आज आपण आधी बसू," असं त्यांनी बायकांना सांगितलं, आणि सात-आठ जणी अवघडत का होईना, पण बसल्याही. माझी पत्नी विजया वहिनींच्या शेजारीच बसली. मग कुणीच काही करेना. वाढणार कोण? बादल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भरून ठेवलेल्या, वरणावर साय धरायला लागली. आम्ही पुरुष भिंतीला पाठ लावून उभे होतो, एकमेकांकडे बघत. मी उंबऱ्याच्या सगळ्यात जवळ होतो. बादली हाताच्या अंतरावर होती... मी विजयाकडे पाहिलं. फक्त पाहिलं. ती उठली. मग तिच्यामागे एकेक करून बाकीच्या उठल्या आणि मुकाट्याने वाढायला आत गेल्या. वहिनी मात्र बसून राहिल्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, हा स्त्रीवाद घरी ठेवून यायचा असतो."

त्यांनी वर पाहिलं. "घरी आहेच, भाऊजी. इथे कमी पडतोय म्हणून घेऊन आले."

कुणीतरी हसलं. मला वाटलं ते मला हसलं, आणि बहुतेक तसंच असावं. मग वहिनी उठल्या, आत जाऊन स्वतःचं स्वतः वाढून घेतलं, त्याच पानावर परत बसल्या आणि जेवल्या. सावकाश. मसालेभात दोनदा घेतला, दोन्ही वेळा उठून स्वतःच. सगळे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते आणि पहिला घास हातातून पडला होता, हे मी जवळ असल्यामुळे मला दिसलं. धीट माणसाला काही वाटत नाही, असं आपण सोयीस्करपणे धरून चालतो. त्यांना सगळं वाटत होतं. जेवण झाल्यावर पान उचललं, हात धुतले, गार्गीचा हात धरला आणि ट्राम पकडायला निघून गेल्या. हीच ती गोडीगुलाबी.

दुसऱ्या दिवशी मी केतकरांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. घरच्यांना जरा सांभाळा, असं काहीतरी म्हणालो. केतकर मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले, "साहेब, मी सांगितलं तर ती ऐकेलही. पण मी सांगणार नाही." मला त्या उत्तराचा इतका संताप आला, की काही महिन्यांनी त्यांना लांबच्या शाखेत पाठवायची गोष्ट निघाली आणि माझं मत विचारलं, तेव्हा मी हरकत घेतली नाही. त्यांची मुलगी शाळेत आहे, एवढं वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो नाही. केतकर गेले, वहिनी मुलीला घेऊन इथेच राहिल्या. हावडा स्टेशनवर केतकरांना पोचवायला मंडळातले चार जण गेले होते, त्यांत मीही होतो. हार घेऊन!

पुढच्या वर्षी वहिनी पुन्हा आल्या आणि पुन्हा त्याच पानावर बसल्या. आणि विजया, जिने वर्षभर घरात या विषयाचा चकार शब्द काढला नव्हता, माझ्याकडे न बघता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्या दोघींनी एकमेकींना वाढलं. त्यानंतरच्या वर्षी आणखी चौघी. असं करत करत एका वर्षी स्वयंपाकघरात कुणीच उरलं नाही, सगळ्या बायका पानावर, आणि आम्हाला कडकडून भूक लागलेली. तेव्हा मी बादली उचलली. दुसरा इलाजच नव्हता म्हणून उचलली. तोवर वहिनी कितीतरी वर्षं टोमणे ऐकत होत्या. स्त्रीमुक्ती आली, पोरं सांभाळा, असं त्यांच्या पाठीमागे आणि तोंडावरही चालायचं, आणि ते सुरू करून दिलं होतं मी. पुढे नवी कुटुंबं आली, जुनी बदलून गेली, मधली वर्षं गळून पडली आणि गोष्ट उरली ती अशी की वहिनी बसल्या आणि कुलकर्णी उठले. ती मी कधीच दुरुस्त केली नाही. आयतं मोठेपण कुणाला नको असतं?

निवृत्तीनंतर मी कोलकात्यातच स्थायिक झालो. केतकर वारले, नंतर विजया गेली, आणि वहिनी अधूनमधून माझ्याकडे चहाला यायला लागल्या. तेव्हा त्या आठवड्यातून दोनदा बजबजला जायच्या. तिथल्या तागाच्या गिरणीच्या वस्तीत त्यांनी एक खोली घेतली होती. घरी मार खाणाऱ्या बायका तिथे यायच्या, त्यांच्याबरोबर वहिनी पोलीस ठाण्यात जायच्या, कोर्टात जायच्या, तासन् तास बाकावर बसून राहायच्या. मंडळाच्या स्मरणिकेत त्यांची ओळख छापताना आम्ही 'समाजसेविका' लिहायचो आणि त्या दरवेळी फोन करायच्या, "भाऊजी, पुन्हा चुकलात." एकदा चहा पिता पिता मी त्यांना म्हणालो, की तुम्ही समानता मानता, आम्हीही मानतो, मग हा काटेरी शब्द कशाला? लोक बिचकतात. समानतावादी म्हणा, मानवतावादी म्हणा. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"समानता सगळेच मानतात, भाऊजी. त्या दिवशी हॉलमध्ये भिंतीला टेकून उभे होते ते सगळे मानत होते. तुम्हीसुद्धा. प्रश्न फक्त बादली कोण उचलणार एवढाच होता. जी त्यासाठी वाईटपणा घेते, तिला वेगळं नाव लागतं. ते नाव तुम्हीच मला दिलंत, आता परत मागू नका."

त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो ते एवढंच. मी माफी मागायला हवी होती. मी विचारलं, आणखी थोडा चहा घेणार का... आणि त्या हो म्हणाल्या.

आता मंडळाने वाचनालयाच्या खोलीला वहिनींचं नाव द्यायचं ठरवलं आहे, आणि पाटीवरचा मजकूर लिहायचं काम आलं माझ्याकडे. मी लिहिलं : 'निर्मला केतकर, स्त्रीवादी कार्यकर्त्या.' कार्यकारिणीने ते खोडलं. तरुण सचिव, आयटीतला हुशार मुलगा, मला समजावत होता, "काका, तो शब्द आता निगेटिव्ह झालाय. पुरुषांचा द्वेष वगैरे वाटतो. जेंडर इक्वॅलिटी म्हणू ना, त्याला कोणाचा विरोध नाही." कोणाचा विरोध नाही, तेच तर! ज्या शब्दाने कुणालाही जागचं उठावं लागत नाही, त्याला कोण कशाला विरोध करेल? आणि द्वेष वाटतो म्हणे. तो वाटावा असं करायला किती जणांनी किती वर्षं मेहनत घेतली आहे, हे मला विचारा. मी त्यातला एक जुना कामगार आहे. ज्या बाईला आपण तो शब्द दगडासारखा मारला, तिने तो उचलून खिशात ठेवला, आयुष्यभर वागवला, आणि आता ती बोलू शकत नाही तर आपण तिचा खिसा रिकामा करतो आहोत. वर त्याला आदर म्हणतो.

मी आवाज चढवून भांडलो, पण शेवटी सगळे म्हणाले की गार्गी म्हणेल तसं. गार्गी सॉल्ट लेकला मोठ्या कंपनीत आहे. तिचं मराठी इथे वाढलेल्या मुलांसारखं, अडखळत चालणारं. तीही सुरुवातीला म्हणाली, "काका, जाऊ दे ना. मी इक्वॅलिटी मानते, पण स्वतःला तो शब्द लावत नाही. ऑफिसमध्ये लावला की लोक लगेच दूर बसतात. आईच्या नावावर भांडण नको." तिला मी दोष देत नाही. दूर बसणं काय असतं ते तिने सात-आठ वर्षांची असताना पाहिलेलं आहे. मी तिला घरी बोलावलं आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. तिच्या बाबांच्या बदलीचंही. ती ऐकत होती. मला वाटलं उठून जाईल.

"मला तो दिवस आठवतो," ती म्हणाली. "आई ट्राममध्ये रडत होती. मला वाटलं तिला तिखट लागलं." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगायला खूप उशीर केलात, काका."

मी म्हणालो, हो.

"तुम्ही तिला तेव्हा जो शब्द मारलात, तोच पाटीवर लिहा. नाहीतर तिचं नावही नको."

तसं तिने कार्यकारिणीला कळवलं आहे. कार्यकारिणी विचार करते आहे. माझा मजकूर खोडल्यावर कार्यकारिणीने 'समाजसेविका' अशी घाईने रंगवून आणलेली पाटी तूर्त हॉलच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर ती तशीच राहिली तरी चालेल.

गणपती आता जवळ आले आहेत. मी हॉलवर जातो तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या त्या शेवटच्या जागेकडे पाहतो. आमच्या उतरंडीतली सगळ्यात खालची जागा, आणि वहिनींनी पहिल्या पंगतीत बसताना नेमकी तीच निवडली होती. दर वर्षी वाढप पंख्याखालच्या टोकापासून सुरू होतं, बायकांच्या पंगतीतही, सवयीने. या वर्षी मी उलट्या टोकाने सुरू करणार आहे. हात थरथरतात, वरण सांडेल, सांडू दे. आणि नेहमीप्रमाणे कुणी नव्या लोकांना ती गोष्ट सांगून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागलं, तर बादली खाली ठेवून मी सांगणार आहे : या पानावर एक स्त्रीवादी बाई बसली होती, आणि मी तिला वाढलं नव्हतं.